मंगळावर माणूस पाठवायला एवढा वेळ का लागतोय? अडचण रॉकेटची कमी, पंपांची जास्त

चंद्रावर १९६९ साली माणूस उतरला मग मंगळावर अजून का नाही, अडचण पैशाची की तंत्रज्ञानाची, आणि परत यायचंच नाही असं ठरवून लोक पाठवले तर काम सोपं होईल का, असे तीन प्रश्न एकातच विचारलेत. मी यानातली हवा आणि पाणी सांभाळणाऱ्या यंत्रणांवर काम करतो, ज्याला लाइफ सपोर्ट म्हणतात ते, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार हे आधीच सांगतो. रॉकेटवाल्याला विचाराल तर तो दुसरंच काहीतरी सांगेल आणि तोही खोटं बोलत नसेल.

सगळी भानगड सुरू होते ती वेळापत्रकापासून. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, अपोलोवाले साधारण तीन दिवसांत पोचायचे. मंगळ जवळात जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर आणि सूर्याच्या पलीकडे गेला की ४० कोटी. नुसतं लांब असतं तर मोठं रॉकेट बांधून मोकळे झालो असतो, पण पृथ्वी आणि मंगळ दोघंही आपापल्या वेगाने फिरतायत, त्यामुळे परवडेल एवढ्या इंधनात निघायची संधी दर २६ महिन्यांनी एकदाच येते. तेव्हा निघालात तर सहा ते नऊ महिन्यांत पोचता. पोचल्यावर लगेच परत फिरता येत नाही कारण तोवर पृथ्वी पुढे निघून गेलेली असते, मग ती पुन्हा सोयीच्या जागी येईपर्यंत साधारण ५०० दिवस तिथेच मुक्काम, आणि मग परतीचा तेवढाच प्रवास. सगळं मिळून ९०० ते १००० दिवस. थोडे दिवस राहून लगेच निघायचा मार्ग पण आहे, शुक्राजवळून वळसा घेऊन येतो तो, पण त्याला इंधन भरमसाट लागतं आणि एवढं करूनही दीड-दोन वर्षं जातातच.

ही संधी चुकली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे नासाचं इनसाइट यान. ते २०१६ मध्ये निघणार होतं, त्यातल्या भूकंपमापकाच्या निर्वात डब्याला बारीकशी गळती सापडली, दुरुस्तीला काही महिने हवे होते पण तेवढ्यात संधी निघून गेली आणि यान उडालं थेट मे २०१८ मध्ये. हे झालं बिनमाणसाच्या यानाचं. आता कल्पना करा की चार माणसं मंगळावर आहेत आणि त्यांच्यासाठी जे सामान पाठवायचंय त्याच्याच डब्याला गळती सापडलीय.

आता मुद्द्याचं. लोक अपोलो १३ ची गोष्ट नेहमी सांगतात, एप्रिल १९७०, ऑक्सिजनची टाकी फुटली, सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर होते, तरी तिघं सुखरूप परत आले. ती गोष्ट खरीच भारी आहे, पण आमच्या क्षेत्रात ती वेगळ्या नजरेने वाचली जाते. स्फोटापासून समुद्रात उतरेपर्यंत चार दिवसही गेले नाहीत. चांद्र-यानाचा जो भाग दोन माणसांसाठी साधारण दोन दिवस पुरेल असा बनवला होता तो तिघांसाठी जवळजवळ चार दिवस ताणला, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चौकोनी डब्या गोल जागेत बसवायला पुठ्ठा, पिशव्या, चिकटपट्टी असलं काय काय वापरलं, आणि ते जमलं कारण चारच दिवस काढायचे होते. पुठ्ठ्याचं जुगाड चार दिवस चालतं. मंगळाच्या वाटेवर एकदा इंजिन पेटवून पृथ्वी सोडली की परतीचा रस्ता सूर्याला वळसा घालून येतो आणि त्याचा हिशोब महिन्यांत नाहीतर वर्षांत असतो, मधे यू-टर्न नावाचा प्रकार नाही.

बरं, मग लोक म्हणतात की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसं सलग राहतायत, तिथला अनुभव काय कमी आहे का? अनुभव प्रचंड आहे, आणि त्याच अनुभवामुळे आम्ही जास्त घाबरतो. ते स्थानक ४०० किलोमीटर वर आहे. काही बिघडलं तर पुढच्या मालवाहू यानातून पार्ट येतो, अगदीच वाईट झालं तर काही तासांत जमिनीवर. २०२२ च्या डिसेंबरात तिथे जोडलेल्या, माणसांना परत आणणाऱ्या सोयुझ यानाचं कूलंट, म्हणजे यान थंड ठेवणारा द्रव, गळून गेलं, तर बदली सोयुझ फेब्रुवारी २०२३ मध्ये पाठवलं आणि अंतराळवीर फ्रँक रुबियो यांचा सहा महिन्यांचा मुक्काम वाढून ३७१ दिवसांचा झाला. एवढ्या जवळ, एवढी सोय असताना. मधल्या काळात त्यांना खायला-प्यायला मिळत राहिलं कारण माल येत होता.

पाण्याचं सांगतो, कारण त्यात सगळा प्रॉब्लेम एका जागी दिसतो. माणसाला दिवसाला श्वासासाठी साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, पॅकिंगसकट पावणेदोन-दोन किलो अन्न, आणि प्यायला, जेवणात मिसळायला, हात-तोंड पुसायला धरून तीन-चार लिटर पाणी. चार माणसं आणि १००० दिवस म्हटलं की नुसतं पाणीच १२ ते १६ टन होतं, अन्न सात-आठ टन, ऑक्सिजन साडेतीन टनाच्या आसपास. अन्न न्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण पाणी आणि हवा फिरवून फिरवून वापरता येते, म्हणून घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं गोळा करून परत प्यायचं पाणी करतात. स्थानकात २०२३ मध्ये ही वसुली ९८ टक्क्यांपर्यंत पोचली, बातम्या पण झाल्या, आणि लोकांना वाटलं प्रश्न सुटला.

त्या ९८ टक्क्यांच्या मागे पंधरा वर्षांची रडकथा आहे. लघवीतून पाणी काढणारं यंत्र २००८ च्या शेवटी वर गेलं. जमिनीवर व्यवस्थित चाललेलं, वर गेल्यावर त्याचं डिस्टिलेशनचं, म्हणजे वाफ करून पाणी वेगळं काढायचं, ड्रम गाळाने चोंदलं. का? तर वजनरहित अवस्थेत माणसाची हाडं झिजतात, हाडांतलं कॅल्शियम लघवीत उतरतं, आणि लघवी टिकवायला त्यात जे सल्फ्युरिक आम्ल घालत होते त्याच्याशी मिळून कॅल्शियम सल्फेट तयार होत होतं, म्हणजे जिप्सम. टेस्टसाठी जमिनीवरच्या माणसांची लघवी वापरलेली, त्यांची हाडं धड होती, म्हणून हा गाळ टेस्टमध्ये दिसलाच नाही! मग वर्षानुवर्षं यंत्र कमी क्षमतेवर चालवलं, पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आणलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माणसाच्या हाडांचा आजार यंत्राला झाला असं मी नवीन मुलांना सांगतो, कारण डॉक्टर आणि इंजिनियर वेगवेगळ्या खोल्यांत बसले की असंच होतं.

दुसरी गोष्ट तर अजून मजेशीर. २०१० च्या सुमाराला शुद्ध केलेल्या पाण्यात सेंद्रिय कार्बनचं प्रमाण हळूहळू चढायला लागलं. विषारी काही आहे का ते वरच्या मीटरवरून कळेना, तो फक्त एकूण आकडा दाखवतो. नमुने खाली आणले, प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा कळलं की ते सिलिकॉन असलेलं एक रसायन आहे, डिओडरंट, लोशन, सील असल्या रोजच्या वस्तूंतून सिलिकॉन-संयुगं हवेत उडतात, हवेतून बाष्पात आणि बाष्पातून पाण्यात. माणसाला त्याचा फार धोका नव्हता पण फिल्टर मात्र वेळेआधी बदलावे लागले. आता हाच प्रकार मंगळाच्या वाटेवर चौथ्या महिन्यात झाला तर नमुना कुठे पाठवणार? आणि वेळेआधी बदलायला जादा फिल्टर किती न्यायचे हे निघायच्या आधी कोण सांगणार?

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. तो शोषायला झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाच्या बारीक गोळ्या वापरतात, त्या पुन्हा पुन्हा तापून-थंड होऊन झिजतात, त्यांची पूड व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते, व्हॉल्व्ह अडकतो. स्थानकाच्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पट जास्त असतोच, थोडा अजून वाढला की लोकांची डोकी दुखायला लागतात. वर कुठलंही यंत्र बघा, नेमका बिघडतो तो पंप, पंखा, व्हॉल्व्ह, सेन्सर, सील. रॉकेटचं इंजिन काही मिनिटं चालतं आणि त्यावर सगळ्या जगाचं लक्ष असतं, हा पंप मात्र २४ तास गुणिले १००० दिवस चालायचा असतो आणि त्याच्याबद्दल कोणी बातमी करत नाही.

आता थोडं गणित, कंटाळू नका. समजा शंभर पार्ट आहेत, प्रत्येक पार्ट पूर्ण मोहिमेत न बिघडण्याची शक्यता ९९.९ टक्के, आणि एकही बिघडून चालणार नाही. तर सगळं नीट चालण्याची शक्यता येते साधारण ९० टक्के. दहात एकदा माणसं मरणार. म्हणून स्पेअर न्यायचे. पण कुठला पार्ट बिघडेल हे माहीत नसतं म्हणून सगळ्यांचेच न्यायचे, आणि काहींचे दोन-दोन, तीन-तीन, आणि परत आल्यावर कळणार की यातले बहुतेक हातच न लागता परत आले किंवा तिथेच टाकले. स्थानकात आत्ता पद्धत अशी आहे की अख्खी पेटी काढायची आणि नवीन बसवायची, पेटी तीस-चाळीस किलोची नाहीतर त्याहून जड. मंगळासाठी पेटी उघडून आतला व्हॉल्व्ह किंवा सर्किट बदलता आलं पाहिजे, म्हणजे सगळं डिझाइनच वेगळं, हत्यारं वेगळी, आणि माणसांचा अर्धा वेळ मेकॅनिकगिरीत जाणार. थ्रीडी प्रिंटर नेऊ की, असं कोणीतरी दर वेळी म्हणतंच. प्रिंटरवर क्लॅम्प, झाकण, पाना निघेल. गाळणीचा पडदा, उत्प्रेरक, सेन्सर, रबरी सील निघत नाहीत, आणि मरतात ते हेच.

आणि यातूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतं, वेळ का लागतोय. एखादं यंत्र १००० दिवस चालेल हे सिद्ध करायचं तर १००० दिवस चालवून बघावं लागतं, घाई करून होत नाही. बरं एक यंत्र चाललं म्हणजे नशीबही असू शकतं. संख्याशास्त्राने धरलं तर ९० टक्के भरवशाचं आहे असं ९० टक्के खात्रीने म्हणायला २२ यंत्रं पूर्ण मुदत एकही न बिघडता चालावी लागतात, आणि ९९ टक्के भरवशाचं म्हणायचं असेल तर २३०. आमच्याकडे वर एक, फार तर दोन असतात. पंपाची उष्णता वाढवून, वेग वाढवून झीज लवकर घडवता येते, तसं करतातही, पण जिप्समचा गाळ किंवा लोशनमधलं रसायन असल्या टेस्टमध्ये सापडत नाही, ते खऱ्या माणसांबरोबर खऱ्या वजनरहित जागेत खरे महिने घालवले तरच सापडतं. मधे डिझाइनमध्ये एक बदल केला, की घड्याळ पुन्हा शून्यावर. पैसा ओतून २२ यंत्रं एकदम चालवता येतील, पण १००० दिवसांचे ५०० होणार नाहीत. त्यामुळे पैसा की तंत्रज्ञान असं विचाराल तर दोन्ही आहेच, पण त्यांच्याखाली कॅलेंडर आहे.

बंद जागेत हवेचा हिशोब कसा चुकतो याचं जुनं उदाहरण बायोस्फिअर २ चं, ॲरिझोनात १९९१ ते ९३ आठ माणसं काचेच्या बंद इमारतीत शेती करून राहिली. आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली गेला, शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीतले जिवाणू अपेक्षेपेक्षा जास्त ऑक्सिजन खात होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या भिंती शोषत होत्या, त्यामुळे झाडांना तो परत मिळेना आणि गडबड लवकर लक्षातही येईना. भिंत पण श्वास घेते हे कोणाच्या स्प्रेडशीटमध्ये नव्हतं.

रेडिएशनबद्दल खूप लिहिलं जातं म्हणून थोडक्यात. क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाडीने, २०११-१२ मध्ये तिकडे जाताना मोजलेला आकडा आहे दिवसाला साधारण १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला बसणारं रेडिएशन मोजायचं एकक), मंगळाच्या जमिनीवर ०.६७ च्या आसपास. सहा-सहा महिन्यांचा जायचा-यायचा प्रवास आणि ५०० दिवस मुक्काम धरला तर बेरीज हजाराच्या जवळ जाते. नासाची अख्ख्या करिअरची मर्यादा ६०० आहे. म्हणजे एका ट्रिपमध्येच मर्यादा ओलांडली. यावर जाड शिसं-ॲल्युमिनियम लावा असं वाटतं, पण दूरच्या ताऱ्यांकडून येणारे जड कण धातूवर आपटले की त्यातून आणखी कण फुटतात, त्यापेक्षा पाणी किंवा प्लॅस्टिकसारखा हायड्रोजनवाला पदार्थ बरा. सूर्याच्या वादळाचं वेगळं, ते काही तास-दिवस असतं, पाण्याच्या टाक्यांच्या मधे छोटी आडोशाची जागा केली तर निभावतं. ऑगस्ट १९७२ मध्ये असं मोठं वादळ अपोलो १६ आणि १७ च्या मधे येऊन गेलं, नशीब म्हणायचं. माझं मत विचाराल तर कर्करोगाची शक्यता काही टक्क्यांनी वाढणे हा धोका अंतराळवीर डोळे उघडे ठेवून स्वीकारू शकतो, पंप बंद पडून गुदमरणे हा नाही.

शरीराचं मात्र जरा सांगायला हवं. नुसतं तरंगत राहिलं तर कमरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का जाते, रोज दोन-अडीच तास व्यायाम करून ती बरीचशी धरून ठेवता येते. डोळ्यांचा प्रॉब्लेम अजून पुरता उमगलेला नाही, बऱ्याच जणांच्या डोळ्याच्या मागच्या नसेला सूज येते, नजर बदलते. रशियन अंतराळवीर वालेरी पोल्याकोव्ह रशियाच्या मीर स्थानकात ४३७ दिवस राहून १९९५ मध्ये परतले आणि स्वतःच्या पायाने चालले, त्यामुळे सहा महिन्यांच्या प्रवासाने माणूस निकामी होतो असं नाही. पण इथे उतरल्यावर धरायला माणसं असतात, व्हीलचेअर असते, डॉक्टर असतात. मंगळावर उतरल्यावर हीच चक्कर येणारी चार माणसं स्पेससूट घालून बाहेरचे केबल जोडणार आहेत. तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के, ते हाडांना पुरतं का हे कोणाला माहीत नाही, कारण तेवढ्या गुरुत्वात कोणी महिनाभरही राहिलेलं नाही.

आजारपणाचं एक उदाहरण पुरे. स्थानकातल्या एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गाठ सापडली, तीही एका संशोधनासाठी सोनोग्राफी करताना, त्रास काहीच होत नव्हता. २०२० च्या सुरुवातीला यावर पेपर आला. वर रक्त पातळ करायचं औषध होतं पण मर्यादित, ते पुरवून पुरवून वापरलं आणि पुढचं औषध मालवाहू यानाने आलं, जमिनीवरचे डॉक्टर फोन-ईमेलवरून सल्ला देत होते. मंगळाच्या वाटेवर पुढचं औषध येत नाही, आणि फोनचं म्हणाल तर संदेश जायला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं. विचारलं आणि उत्तर आलं यात पाऊण तासापर्यंत जाऊ शकतो. १९९७ मध्ये मीरवर ऑक्सिजन बनवणाऱ्या नळकांड्याला आग लागली होती, त्या लोकांनी ती स्वतःच आटोक्यात आणली, कारण आग उत्तराची वाट बघत नाही. म्हणजे आज जे काम शेकडो माणसं जमिनीवरच्या कंट्रोल रूममध्ये बसून करतात ते चार माणसांनी आणि यानातल्या कॉम्प्युटरने करायचं. वर दर २६ महिन्यांनी सूर्य मधे येतो तेव्हा दोनेक आठवडे संपर्कच नीट नसतो.

एकटेपणा, भांडणं वगैरे विषयावर लोकांना फार उत्सुकता असते. मंगळ-मोहिमेची नक्कल म्हणून मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस बंद राहिले, ह्यूस्टनला २०२३-२४ मध्ये चार जण ३७८ दिवस. दोन्हीकडून सगळे धड बाहेर आले, झोपेच्या वेळा बिघडल्या, काही जण मलूल झाले, पण बाहेर मॉस्को आणि ह्यूस्टन आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे या प्रयोगांतून किती शिकायचं याला मर्यादा आहे.

लँडिंग माझा विषय नाही पण त्याशिवाय उत्तर अर्धवट राहील. मंगळाची हवा पृथ्वीच्या हवेच्या एक टक्क्याहून विरळ, म्हणजे यान तापवून जाळायला पुरेशी आणि पॅराशूटने थांबवायला अपुरी. आत्तापर्यंत तिथे उतरवलेल्या वस्तू साधारण टनभराच्या, पर्सिव्हरन्स रोव्हर १०२५ किलोचा, त्याला साडेएकवीस मीटरचं पॅराशूट लागलं आणि शेवटी रॉकेटवर तोलून दोरीने सोडावं लागलं. माणसांसाठी एका वेळी वीस टनाच्या पुढे उतरवायचं आहे, त्याला पॅराशूट बनवणं शक्य नाही, म्हणून आवाजापेक्षा जास्त वेगात असतानाच इंजिनं समोर पेटवून ब्रेक मारायचा. पृथ्वीवर परत येणारे रॉकेटचे बूस्टर साधारण असंच करतात त्यामुळे हे स्वप्नरंजन राहिलेलं नाही, पण शिवाय नेमकं तिथे उतरायचं जिथे आधीच्या संधीत पाठवलेलं घर, वीज आणि परतीचं यान उभं आहे. वीसेक किलोमीटर चुकलं तर रोव्हरला ठीक आहे, माणसाला नाही.

परतीच्या यानाला इंधन नेणं फार जड पडतं म्हणून ऑक्सिजन तिथल्याच हवेतून बनवायची योजना आहे, मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. चार माणसांना मंगळावरून उडायला लागतो साधारण २५ टन. मी मॉक्सीला नावं ठेवत नाहीये, उलट मला तो या दशकातला मंगळावरचा सगळ्यात कामाचा प्रयोग वाटतो, फक्त ग्रॅम ते टन हा प्रवास नुसता मोठा डबा बनवून होत नाही, ते यंत्र वर्षभर धुळीत, माणूस पोचायच्या आधी, एकट्याने, न थांबता चालायला हवं. म्हणजे फिरून परत पंप आणि फिल्टर. आणि धूळ कशी, तर २०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी रोव्हर कायमचा झोपला, २०२२ मध्ये इनसाइटचे सौर पत्रे धुळीने झाकून त्याचीही वीज संपली. म्हणून माणसांसाठी छोटी अणुभट्टी न्यायचा विचार आहे. शिवाय त्या मातीत परक्लोरेट नावाचे क्लोरीनचे क्षार सापडतात, २००८ मध्ये फिनिक्स यानाने दाखवलं, ते थायरॉइड ग्रंथीला वाईट, त्यामुळे बुटाला लागून आत आलेली माती ही पण माझ्याच फिल्टरची डोकेदुखी.

आता परत यायचंच नाही तर? हे लोकांना धाडसी आणि सोपं वाटतं. परतीचं यान आणि ते २५ टन ऑक्सिजन वाचतो हे बरोबर. पण स्पेअरचा हिशोब १००० दिवसांवर थांबत होता तो आता माणसं मरेपर्यंत चालू राहतो, आणि प्रत्येक संधीला नवीन चार माणसं पाठवायची तर आधीच्यांचे स्पेअर अधिक नव्यांचे असं वाढतच जातं. २०१४ मध्ये मार्स वन नावाच्या अशाच एका योजनेचा अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हिशोब मांडला. आत पिकवलेल्या पिकांमुळे ऑक्सिजन जास्त होतो, आगीच्या भीतीने तो बाहेर सोडायचा तर त्याबरोबर नायट्रोजन जातो, नायट्रोजन संपला की दाब टिकत नाही, आणि पहिला माणूस ६८ व्या दिवसाच्या आसपास गुदमरतो असं त्यांचं गणित आलं. त्यावर उपाय आहे, ऑक्सिजन तेवढा वेगळा काढणारं यंत्र, पण तेही यंत्रच, त्यालाही स्पेअर. ती कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. एकेरी तिकीट परतीच्या तिकिटापेक्षा महाग पडतं ते असं.

मग कधी, असं विचाराल तर तारीख मी देणार नाही. कोणी रॉकेट उडवून दाखवलं की मला आनंद होतो पण माझा अंदाज त्याने हलत नाही. तो हलेल तेव्हा, जेव्हा पाण्याचं आणि हवेचं मंगळासाठीचं यंत्र, जमिनीवरून एकही स्पेअर न मागवता, फक्त सुरुवातीला दिलेल्या पेटीतल्या सामानावर १००० दिवस माणसांबरोबर चाललेलं असेल. चंद्रावर तळ झाला तर धूळ आणि कमी गुरुत्व दोन्ही मिळतं आणि घर तीन दिवसांवर राहतं, त्यामुळे तिथे ही टेस्ट करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. वजनरहित भागाची टेस्ट मात्र स्थानकातच होऊ शकते, आणि ते स्थानक २०३० नंतर पॅसिफिक महासागरात पाडायचं ठरलंय. खाजगी स्थानकं येतील म्हणतात, पण तिथे भाडं देऊन तीन वर्षं कोणी लघवीचं यंत्र चालवत बसेल का, हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये दर वेळी निघतो आणि दर वेळी पुढच्या मीटिंगवर जातो.